वजनाखाली उभे राहण्यापूर्वी

एखादी व्यायामशाळा बंद होते, तेव्हा तिच्यातील लोखंडी साधने स्वस्तात विकायला निघतात. त्यांत एक उंच पिंजरा असतो. चार उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि खांबांवर सारख्या अंतरावर पाडलेली भोके. याला 'पॉवर रॅक' म्हणतात. तुमच्या मोठ्या भावाने किंवा काकांनी असा जुना रॅक घरी आणायचे ठरवले, तर नुसता रंग पाहून सौदा करू देऊ नका. शाळेत शिकलेले विज्ञान बरोबर घेऊन जा.

प्रथम, हा रॅक कशासाठी असतो? खांद्यावर रॉड घेऊन बैठक मारताना किंवा बाकावर उताणे निजून तो उचलताना शक्ती संपली, की रॉड खाली येऊ लागतो. व्यायामशाळेत अशा वेळी जोडीदार तो धरतो. घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याचा जोडीदार म्हणजे रॅकमधील दोन आडवे सुरक्षा-दांडे. ते कधी तरीच कामाला येतात. पण त्या वेळी त्यांनी दगा दिला, तर रॉड छातीवर किंवा मानेवर येतो. म्हणून परीक्षा आधीच घ्यायची.

पहिली परीक्षा तराजूची. खांब बाहेरून जाडजूड दिसतो, पण आतून पोकळ असतो. पत्रा किती जाड आहे? ७५ मि.मी. बाजूचा चौकोनी पाइप घ्या. पत्रा ३ मि.मी. असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ ७५² − ६९² = ८६४ चौ. मि.मी. येते. पोलादाची घनता दर घ. सें.मी.ला ७.८५ ग्रॅम; म्हणून १ मीटर पाइपाचे वजन सुमारे ६.८ कि.ग्रॅ. भरेल. पत्रा २ मि.मी. असेल, तर ते सुमारे ४.६ कि.ग्रॅ.च भरेल. म्हणजे २.१ मीटर उंचीचा सुटा खांब १४ किलोच्या आसपास भरतो की साडेनऊच्या, हे पाहिले की आतले गुपित कळते. भोकांमुळे वजन थोडे घटते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी परीक्षा टेपची. रॅकची समोरची बाजू १२० सें.मी. रुंद व २१० सें.मी. उंच असेल, तर तिचे दोन्ही कर्ण सुमारे २४२ सें.मी. आले पाहिजेत. एक २४४ आणि दुसरा २४० आला, तर आयताचा समांतरभुज चौकोन झाला आहे. बोल्ट ढिले करून चौकट सरळ होते का पाहा. होत नसेल, तर खांबालगत दोरी ताणून धरा. वाकलेला खांब लगेच सापडेल. रुंदीही तपासा. स्पर्धेत पुरुष वापरतात त्या रॉडच्या प्लेटांमधील भाग १३१ सें.मी. असतो. रॅक त्याहून अरुंद नसेल, तर रॉड त्यावर बसणारच नाही.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. वेल्डिंगच्या सांध्यावर केसासारखी चीर, अंडाकृती झालेली भोके किंवा वाकलेला सुरक्षा-दांडा दिसला, तर तो भाग नाकारा. वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो. पण गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून गंजलेल्या ठिकाणी रंगाला फोड येतात. तिथे पेचकस टोचून पाहा. पापुद्रे निघाले, तर पत्रा खाल्ला गेला आहे. जुने नट-बोल्ट मात्र सरळ बदलून त्याच मापाचे नवे, मजबूत बोल्ट घ्यावेत.

आता जोडणी. सर्व बोल्ट आधी सैल बसवा, ओळंबा लावून खांब उभे करा, कर्ण पुन्हा मोजा आणि मगच पान्याने आवळा. नंतर रॅक उलटणार नाही ना, ते पाहा. समजा, रॅकचे वजन ८० कि.ग्रॅ. आणि खोली १२० सें.मी. आहे. गुरुत्वमध्य पुढच्या पायांपासून ६० सें.मी. मागे असेल, तर सावरणारे आघूर्ण ८० × ६० = ४,८०० झाले. कुणी वरच्या, २१० सें.मी. उंचीवरच्या दांड्याला लोंबकळून झोके घेतले, तर पुढे ओढणारे केवळ २३ किलो वजनाइतके बल रॅक उलटवू शकेल! मागच्या खांबांवर १०० किलोच्या प्लेटा ठेवल्या, तर तेवढ्यासाठी ८० किलो वजनाइतके बल लागेल. शक्य असेल तर जाणकाराला विचारून रॅक जमिनीत बोल्टने पक्का करावा.

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट, सुरक्षा-दांड्यांची उंची. ६० किलोचा रॉड ५ सें.मी. खाली पडून दांड्यावर आदळला आणि पुढच्या १ सें.मी.त थांबला, तर दांड्यांवर सरासरी वजनाच्या ६ पट, म्हणजे ३६० किलो वजनाइतके बल येते. तोच रॉड ५० सें.मी.वरून पडून तेवढ्याच अंतरात थांबला, तर ५१ पट! मजबूत रॅकही अशाने वाकतो. म्हणून बैठकीसाठी दांडे तुमच्या सर्वांत खालच्या स्थितीपेक्षा किंचित खालीच ठेवा. बाकावर निजल्यावर छाती फुगवली असता रॉड छातीला टेकावा. श्वास सोडून छाती खाली घेतली, की तो दांड्यांवर विसावावा आणि गळ्याच्या वर राहावा. ही उंची आधी मोकळ्या रॉडने, मोठे माणूस जवळ असताना ठरवा. प्लेटा नंतर.

रॅक जुना असला म्हणून बिघडत नाही. न मोजलेला रॅक मात्र धोक्याचा.

करून पाहा : वरच्या उदाहरणात रॅकची खोली ८० सें.मी. असती आणि मागे प्लेटा नसत्या, तर तो उलटवायला किती बल लागले असते? (गुरुत्वमध्य मधोमध धरा.) उत्तर काढा आणि आपल्या शिक्षकांना दाखवा.