मे महिन्यात पुण्याहून गाडीने नौकाविहाराला कुठे जावे?

पुण्याहून वाई, पसरणी घाट, पाचगणी या वाटेने महाबळेश्वर सुमारे १२० किलोमीटर. तिथला वेण्णा तलाव छोटा आणि मे महिन्यात गर्दीचा. त्याला तासभर पुरे. पाण्याचा खरा पसारा दिसतो तो घाट उतरून तापोळ्याला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर. मात्र वीजनिर्मिती व सिंचनासाठी पाणी सोडले जात असल्याने उन्हाळ्यात पातळी उतरते, काठ उघडा पडतो आणि होडीपर्यंत बरेच चालावे लागते. पाणी कुठवर आहे, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. दुपारनंतर वारा वाढतो, वळवाचे ढगही अचानक जमतात. फेरी सकाळीच उरकावी, तीही लाइफ जॅकेट घालूनच. घाटरस्ता अरुंद, वळणावळणांचा. अंधारापूर्वी परतणे बरे.