सुटून आलेल्या माणसाचा पहिला महिना

घरचा माणूस नांदेडच्या जिल्हा कारागृहातून किंवा हर्सूलच्या तुरुंगातून सुटून विष्णुपुरीला येणार असेल, तर सत्यनारायण आणि जेवणावळ मागाहून. आधी कागद. तो आत असताना नंबर, खाते, रेशनकार्डावरचे नाव यांपैकी काहीतरी बंद पडलेले असते. एक कागद दुसऱ्यावर अडतो, म्हणून पुढचा क्रम मोडू नका.

१. फाटकातच पाहून घ्या. सुटकेचा दाखला, जमा केलेल्या वस्तू, केलेल्या कामाच्या मजुरीचा हिशेब, आत शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र, चालू औषधांचे कागद. नंतर यासाठी हेलपाटे पडतात. दाखल्याच्या झेरॉक्स त्याच दिवशी काढा.

२. सुटका कशी झाली ते समजून घ्या. जामिनावर असेल तर खटला चालूच आहे. तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा, अटी पाळा, साक्षीदारांच्या वाटेला जाऊ नका. तारीख चुकली की वॉरंट निघते. निर्दोष सुटला असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल काढा. पुढे प्रत्येक ठिकाणी तीच कामाला येते. परिविक्षेवर सोडले असेल, तर १९५८ च्या परिविक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. शंका असल्यास नांदेडच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.

३. नंबर, आधार, बँक, याच क्रमाने. बराच काळ न वापरलेले सिम बंद होते आणि तो नंबर दुसऱ्याला मिळतो. म्हणून आधी नवा नंबर घ्या, मग आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन तो जोडा. दोन वर्षे व्यवहार नसलेले बँक खाते निष्क्रिय होते. पैसे बुडत नाहीत, केवायसी दिली की ते पुन्हा सुरू होते.

४. रेशन आणि मतदान. कार्डावरून नाव कमी झाले असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करा. मतदानाची बंदी तुरुंगात असेपर्यंतच असते. यादीतून नाव गेले असेल तर नमुना ६ भरा.

५. दवाखाना. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय विष्णुपुरीतच आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. गर्दीच्या बराकीत क्षयरोग लवकर पसरतो. झोप येत नाही, माणसांत बसवत नाही, असे म्हणाला तर 'नाटकं करू नको' म्हणू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट आहे.

६. काम. सुरक्षारक्षक किंवा रिक्षाचा बॅज यांसाठी पोलिस पडताळणी लागते. सुरुवात तिथून नको. आत सुतारकाम, शिवण किंवा बेकरी शिकला असेल तर तेच धरा. विद्यापीठ, इंजिनिअरिंग कॉलेज आणि दवाखाना यांच्यामुळे इथे मेस, खानावळी आणि वसतिगृहांची कामे असतात. मालकाला आधीच दोन वाक्यांत खरे सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळले की काम जाते. नोकरीच्या फॉर्ममध्येही लपवू नका: अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवण्याचा स्वतंत्र विचार केला आहे. धंदा टाकायचा असेल तर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयातील परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटून मुक्त बंद्यांसाठीच्या मदतीची चौकशी करा.

७. गाव. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारात तो एकटा जाऊ नये. खटला संपला असेल तर तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांमार्फत किंवा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांमार्फत निरोप धाडा. ते नको म्हणाले तर तिथेच थांबा.

८. उत्तर ठरवा. 'इतके दिवस कुठं होता?' हा प्रश्न पारावर येईल, शाळेत पोरांनाही येईल. घरातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यावे, खरे आणि थोडक्यात. एक म्हणतो पुण्याला कामाला होता, दुसरा म्हणतो आजारी होता, तिथे चर्चा वाढते. 'शिक्षा झाली होती, भोगून आला' एवढे शांतपणे सांगितले की पुढचे विचारायला फारसे काही उरत नाही.