विश्वासाला नोंदीची जोड

प्रस्तावना

शहरात राहणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा अनोळखी व्यक्तींवर विसंबावे लागते. भाड्याच्या गाडीत बसताना तर आपण काही काळ स्वतःचा जीवच परक्या हाती सोपवतो. पूर्वी नाक्यावरचा टॅक्सीवाला चेहऱ्याने ओळखीचा असे. आज भ्रमणध्वनीवरील ॲपमधून गाडी बोलावली जाते, आणि येणारा चालक बहुधा पुन्हा कधीच भेटत नाही. अशा वेळी कोणता प्रवास अधिक सुरक्षित मानावा? ॲपवरून बोलावलेल्या गाडीचा, की कंपनीने वा ओळखीच्या गाडीमालकाने पाठवलेल्या खासगी गाडीचा? बंगळुरूसारख्या महानगरात नोकरीसाठी गेलेल्या हजारो मराठी तरुण-तरुणींपुढे हा प्रश्न रोज उभा राहतो. प्रस्तुत पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही
• भाड्याच्या गाड्यांचे प्रकार व त्यांतील फरक सांगू शकाल;
• प्रवासी सुरक्षेसाठी झालेले कायदे व नियम यांची माहिती देऊ शकाल;
• प्रवासापूर्वी व प्रवासात घ्यावयाची दक्षता स्पष्ट करू शकाल;
• घडलेल्या प्रसंगाची तक्रार नेमक्या शब्दांत लिहू शकाल.

मूळ पाठ

१. बदललेले शहर, बदललेली वाहने

माहिती तंत्रज्ञानाचा उद्योग वाढला, तसे बंगळुरूचे वेळापत्रक बदलले. परदेशी ग्राहकांशी बोलणारी कार्यालये रात्रभर चालू लागली. रात्री दोन वाजता कामावर निघणे किंवा पहाटे चारला घरी परतणे ही अनेकांची नित्याची गोष्ट झाली. २००८ मध्ये शहराचा विमानतळ देवनहळ्ळीजवळ, शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटरहून अधिक अंतरावर गेला. मुंबईहून येणारी उद्यान एक्सप्रेस असो की कोल्हापूर-बेळगावहून येणारी रात्रीची बस, प्रवासी उतरतो तेव्हा त्याला पुढचे दहा-वीस किलोमीटर कोणा ना कोणाच्या गाडीतून जायचे असते.

ही गरज सुरुवातीला कंपन्यांनी ठेकेदारांकडून घेतलेल्या गाड्यांनी आणि ट्रॅव्हल एजन्सींनी भागवली. पुढे ॲप आले. २०१० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ओला या कंपनीने नंतर बंगळुरू हेच आपले मुख्य ठाणे केले, तर उबर या अमेरिकी कंपनीने २०१३ मध्ये भारतातील सेवेचा आरंभ याच शहरातून केला. गाडी मिळणे सोपे झाले; मात्र सुरक्षेचा प्रश्न मिटला नाही, त्याचे रूप तेवढे बदलले.

२. तीन घटना, तीन दुवे

डिसेंबर २००५ मध्ये बंगळुरूत एका कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्या तरुणीला रात्री कामावर नेण्यासाठी गाडी आली. तिला आणण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो हा चालक नव्हता. त्याच्याऐवजी आपल्याला पाठवले आहे, असे सांगून दुसराच चालक आला होता. तिचा खून झाला. २०१० मध्ये न्यायालयाने आरोपीस जन्मठेप ठोठावली. येथे तुटलेला दुवा होता ओळखीचा : दारात आलेला माणूस ठरलेलाच आहे का, हे तपासण्याची सोय त्या तरुणीपाशी नव्हती.

नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातही तसाच आघात झाला. या वेळी गाडी कंपनीने ठरवलेलीच होती आणि चालकही नेमलेलाच होता; मात्र गाडीत त्याचा एक मित्र बसला होता. त्या रात्री ती तरुणी बंगळुरूतील आपल्या परिचिताशी फोनवर बोलत होती, तरीही तिचे प्राण वाचू शकले नाहीत. या खटल्यात दोघांना फाशीची शिक्षा झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे अंमलबजावणीस झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तिचे रूपांतर पस्तीस वर्षांच्या कारावासात केले. येथे तुटलेला दुवा होता देखरेखीचा : गाडीत कोण बसले आहे आणि ती कोणत्या वाटेने चालली आहे, हे त्या क्षणी पाहणारे कोणी नव्हते.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या गाडीत चालकाने प्रवासी तरुणीवर अत्याचार केला. गाडीची नोंद ॲपमध्ये होती, त्यामुळे आरोपी लवकर सापडला आणि २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. परंतु त्याच्यावर पूर्वीही गंभीर आरोप झाले होते आणि त्याचा चारित्र्याचा दाखला बनावट होता, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. येथे तुटलेला दुवा होता पडताळणीचा.

या तिन्ही घटना एकत्र पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या दोन गाड्या कंपनीच्या व्यवस्थेतील होत्या, तिसरी ॲपवरची. म्हणजे कोणताही एक प्रकार आपोआप सुरक्षित ठरत नाही. ओळख, पडताळणी, देखरेख आणि प्रसंगी धावून येणारी मदत हे साखळीचे चार दुवे होत. त्यांतील एक जरी कच्चा राहिला, तरी सारी साखळी कुचकामी ठरते.

पाठातील प्रश्न – १

रिकाम्या जागा भरा.
(अ) उबरने भारतातील सेवेचा आरंभ .......... या शहरातून केला.
(आ) २००५ च्या घटनेत साखळीतील .......... हा दुवा तुटला होता.

३. गुण आणि उणिवा

ॲपवरील गाडीचा मोठा गुण म्हणजे नोंद. चालकाचे नाव, छायाचित्र, गाडीचा क्रमांक, निघण्याची वेळ आणि मार्ग हे सारे लिहिले जाते. प्रवास सुरू करण्यासाठी सांकेतिक क्रमांक द्यावा लागत असेल, तर भलत्याच गाडीत बसण्याचा धोका कमी होतो. प्रवासाची माहिती घरच्यांना पाठवता येते. उणीव अशी, की चालक अनोळखी असतो. कधी एकाच्या नावावर दुसराच गाडी चालवतो. कधी ॲपवरील क्रमांक एक आणि समोरच्या गाडीचा क्रमांक दुसराच असतो. काही चालक “ॲपवरून रद्द करा, रोख पैसे द्या,” असे सुचवतात. चार पैसे वाचतील असे वाटते. पण त्या क्षणी प्रवास नोंदीबाहेर जातो आणि ॲपचा एकमेव मोठा गुणच गमावला जातो.

ओळखीच्या मालकाच्या गाडीचे बळ असते नात्यात. मालक शोधता येतो, त्याला आपल्या नावलौकिकाची काळजी असते, आणि वृद्ध वा आजारी माणसाकडे तो आपुलकीने पाहतो. उणीव अशी, की ही ओळख बहुधा मालकाशी असते, चालकाशी नव्हे. ऐनवेळी बदली चालक आला, तर त्याची माहिती कोठेही लिहिलेली नसते.

काही वेळा तर गाडी भाड्याची नसतेच. व्यावसायिक प्रवासी गाडीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. खासगी गाडीची पाटी पांढरी असते. विजेवर चालणाऱ्या दोन्ही प्रकारच्या गाड्यांची पाटी हिरवी असते. मात्र व्यावसायिक गाडीवरील अक्षरे पिवळी, तर खासगी गाडीवरील पांढरी असतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६ नुसार भाड्याने प्रवासी नेण्यास परवाना लागतो. तो नसलेल्या खासगी गाडीतून पैसे देऊन प्रवास केला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईस हरकत घेण्याची शक्यता असते. रेल्वे स्थानकाबाहेर “स्वस्तात सोडतो” म्हणणाऱ्याच्या गाडीची पाटी म्हणूनच आधी पाहावी.

४. कायद्याचा आधार

कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियम, १९६१ मध्ये स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध होते. माहिती तंत्रज्ञान क्षेत्राला त्यांतून सवलत देताना वाहतूक व सुरक्षेची व्यवस्था करण्याची अट घालण्यात आली. २००५ च्या घटनेनंतर संबंधित कंपनीच्या व्यवस्थापकावर या कायद्याखाली खटला भरला गेला, आणि तो रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नकार दिला. गाडी ठेकेदाराची होती, एवढ्यावर मालकाची जबाबदारी संपते का, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

कर्नाटक शासनाने २०१६ मध्ये ॲपद्वारे गाड्या पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी नियम केले. २०१९ मधील दुरुस्तीने अशा कंपन्यांना मोटार वाहन अधिनियमात स्थान मिळाले व त्यांना परवाना आवश्यक ठरला. केंद्र शासनाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. चालकांची पडताळणी व प्रशिक्षण हे त्यांतील महत्त्वाचे विषय होत. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या टॅक्सी व बस यांत स्थान दर्शवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा नियमही आहे. रिक्षांना त्यातून वगळले आहे. अर्थात, बटण दाबल्यावर पलीकडे कोणी जागे असेल, तरच त्याचा उपयोग! कोणत्याही संकटात ११२ हा क्रमांक देशभर लावता येतो, हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावे.

५. प्रवाशाची दक्षता

गाडीत बसण्यापूर्वी क्रमांक व चालकाचा चेहरा ताडून पाहावा. प्रश्न विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. “तुम्ही सुलभासाठी आलात ना?” असे विचारले, तर परका माणूसही “हो” म्हणेल. “तुम्ही कोणाला घ्यायला आलात?” असे विचारले, तर उत्तर त्यालाच द्यावे लागते. चालकाखेरीज दुसरी व्यक्ती गाडीत असल्यास बसू नये. गाडीचा क्रमांक घरी कळवावा व तो कळवल्याचे चालकाला ऐकू येऊ द्यावे. वाट बदलल्यास लगेच विचारावे; वाहतूक तुंबल्यामुळे चालक आडवाटेने गेला असेल, तर तो कारण सांगेल. कर्नाटकात चार कन्नड शब्दही उपयोगी पडतात. “इल्ली निल्लिसी” म्हणजे “येथे थांबवा.”

गुन्ह्याची भीती मनाला व्यापून टाकते. परंतु रस्त्यावरील अपघात त्याहून कितीतरी अधिक प्राण घेतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. मागच्या आसनावरही पट्टा बांधावा. चालक पेंगत असेल, तर गाडी थांबवून त्याला विश्रांती घ्यायला सांगावे, किंवा दुसरी गाडी करावी. अधिक फेऱ्यांच्या आशेने अखंड जागणारा चालक हाही या व्यवस्थेत असुरक्षितच असतो. बहुसंख्य चालक कष्टाने पोट भरणारे आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा दक्षतेचा अर्थ नव्हे. क्रमांक तपासणाऱ्या प्रवाशाचा प्रामाणिक चालकाला राग येत नाही, कारण नोंद त्याचेही खोट्या आरोपापासून रक्षण करते.

अशा घटनांनंतर “मुलींनी रात्री बाहेर पडूच नये,” असा सल्ला अनेक घरांत दिला जातो. त्यामागे माया असते, पण त्याची किंमत मुलीने द्यायची असते : हातची नोकरी, अपुरे राहिलेले शिक्षण, गेलेला आत्मविश्वास. ज्या तरुणी कामासाठी घराबाहेर पडल्या, त्यांची काहीच चूक नव्हती. प्रवाशाची दक्षता हा साखळीचा शेवटचा दुवा आहे. आधीचे दुवे भक्कम ठेवणे हे कंपनीचे, गाडीमालकाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. अनोळखी माणसावर विश्वास ठेवल्यावाचून शहर चालत नाही. त्या विश्वासाला नोंदीची जोड मिळाली, तरच तो टिकतो.

पाठातील प्रश्न – २

चूक की बरोबर ते सांगा.
(अ) ॲपवरून प्रवास रद्द करून रोख पैसे देणे सुरक्षित असते.
(आ) ११२ हा क्रमांक संकटकाळी देशभर लावता येतो.

शब्दार्थ

दक्षता – सावधपणा
पडताळणी – खरेखोटेपणा तपासणे
आस्थापना – व्यवसाय वा कामकाजाची जागा
कुचकामी – निरुपयोगी
ऐरणीवर येणे – चर्चेसाठी ठळकपणे पुढे येणे

भाषाभ्यास : तक्रारीची भाषा

पुढील दोन वाक्ये वाचा.

(१) काल चालक फार वाईट वागला.
(२) दिनांक ५ रोजी रात्री ९.४० वाजता मॅजेस्टिक येथून निघालेल्या गाडीच्या चालकाने दोनदा सांगूनही गाडी थांबवली नाही व ठरलेल्या भाड्यापेक्षा १५० रुपये अधिक मागितले.

पहिल्या वाक्यात राग आहे, माहिती नाही. दुसऱ्यात दिनांक, वेळ, स्थळ व कृती आहे. म्हणून त्याची चौकशी होऊ शकते. तक्रार लिहिताना विशेषणे कमी आणि तपशील अधिक असावेत. गाडीचा क्रमांक अवश्य लिहावा.

तुम्ही काय शिकलात?

• गाडीच्या प्रकारावरून सुरक्षा ठरत नाही. ती ओळख, पडताळणी, देखरेख व मदत यांवर अवलंबून असते.
• ॲपचे बळ नोंदीत, तर ओळखीच्या गाडीचे बळ नात्यात असते. दोहोंतही उणिवा आहेत.
• सुरक्षेची जबाबदारी एकट्या प्रवाशाची नसते.

स्वाध्याय

१. पाठातील तीन घटनांत कोणकोणते दुवे तुटले, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. ‘नोंद चालकाचेही रक्षण करते’ हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३. “तुम्ही स्टेशनवरूनच आलात ना?” या प्रश्नाची रचना अशी बदला, की उत्तर समोरच्याला स्वतःच द्यावे लागेल.
४. तुमच्या गावातील वडाप, रिक्षा किंवा जीप यांतील प्रवासाला चार दुव्यांची कसोटी लावा व दहा ओळी लिहा.
५. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी गाडीची व्यवस्था सुधारावी, अशी विनंती करणारे पत्र कार्यालयाच्या व्यवस्थापकांना लिहा.

पाठातील प्रश्नांची उत्तरे

१. (अ) बंगळुरू (आ) ओळख
२. (अ) चूक (आ) बरोबर