रिकामी प्रयोगशाळा आणि चालू भाडे

आमच्या ट्रस्टच्या संगणक-वर्गाजवळ स्वतःची भारी यंत्रे नाहीत. ती आम्ही क्लाउड कंपनीकडून भाड्याने घेतो आणि मुले जुन्या लॅपटॉपवरून त्यांवर सराव करतात. सोय मोठी खरी. परंतु हे भाडे कामावर नसून यंत्र चालू राहील तितक्या वेळावर पडते, हे उमजायला आम्हांस एक दिवाळीची सुटी खर्ची घालावी लागली. मुले आपापल्या गावी, वर्गाला कुलूप, आणि यंत्रे मात्र अहोरात्र जागी! देणगीचा पैसा असा गेला. दोष सर्वस्वी आमचाच.

हिशेब साधा आहे. आठवड्याचे तास 168. वर्ग रोज दोन तास, सहा दिवस, म्हणजे 12. उरलेले 156 तास यंत्र कोणासाठी चालावे?

तेव्हा यंत्र थांबवून ठेवावे. मात्र थांबविणे निराळे आणि काढून टाकणे निराळे. काटकसरीच्या भरात आम्ही एकदा 'टर्मिनेट' केले, आणि एका विद्यार्थिनीची तीन आठवड्यांची मेहनत गेली. तिची समजूत घालणे बिल भरण्याहून अवघड होते. ॲमेझॉनच्या सेवेत 'स्टॉप' केले की यंत्राचे भाडे थांबते. डिस्क मात्र शाबूत राहते, म्हणून तिचे भाडे चालू राहते. घर सोडून सामान वखारीत ठेवावे तसे. पुन्हा सुरू केल्यावर यंत्राचा सार्वजनिक पत्ता सहसा बदलतो, तो मुलांना नव्याने द्यावा लागतो. तेथील आरडीएस हा डेटाबेस तर सात दिवसांनी आपण होऊन जागा होतो! लांब सुटीत हे विशेष जपावे.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये वेगळी खोच आहे. यंत्राच्या आत जाऊन 'शटडाउन' केले तरी त्याची जागा अडलेलीच राहते व भाडे चढत जाते. पोर्टलवरून थांबवून 'डीॲलोकेटेड' असे दिसले, म्हणजेच यंत्राचे भाडे थांबले. रोज ठरल्या वेळी आपोआप बंद होण्याची सोयही तेथे आहे. पण त्यापूर्वी काम जतन केलेले हवे, कारण चालू स्मृतीतले सारे पुसले जाते. गूगलच्या 'सस्पेंड'मध्ये ती स्मृतीही 60 दिवसांपर्यंत टिकते, अर्थात त्या साठवणीचे पैसे देऊन.

आता वर्ग सुटल्यावर शेवटी उठणारा विद्यार्थी पोर्टल उघडून प्रत्येक यंत्राची अवस्था वहीत लिहितो आणि मगच दिवे मालवतो. ती वही हल्ली त्या विद्यार्थिनीकडेच असते.