कानाचे हाड कोरायला शिकणे

कानाच्या मागे बोट लावून बघा. तिथे टणक उंचवटा लागतो. ते हाड आतून भरीव नसते. मधाच्या पोळ्यासारखे त्यात पोकळ कप्पे असतात. पुष्कळ दिवस कान वाहत राहिला, तर कधी कधी आतला रोग हे हाड पोखरतो. (वाहत्या कानात तेल ओतू नये, दवाखाना गाठावा. हे जाता जाता सांगून ठेवतो.) मग डॉक्टरला हाड कोरून रोग बाहेर काढावा लागतो.

कोरायचे कशाने? सुताराच्या गिरमिटासारखेच, पण विजेवर फिरणारे बारीक हत्यार असते. त्याच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा खरखरीत गोळा असतो. जागा मात्र फार अडचणीची. याच हाडातून चेहऱ्याची नस जाते. ती तुटली तर त्या बाजूचा डोळा मिटत नाही, तोंड वाकडे होते. जवळच ऐकण्याची तीन इवली हाडे आहेत. हातोडी, ऐरण आणि रिकीब ही त्यांची नावे. रिकीब सगळ्यांत लहान, जेमतेम 3 मिलिमीटर. फिरते हत्यार या हाडांना नुसते लागले, तरी माणसाचे ऐकणे कमी होऊ शकते.

मग नवा डॉक्टर हे शिकणार कुठे? सुताराचे पोर आधी टाकाऊ लाकूड बिघडवते. माणसाचा कान बिघडवून कसे चालेल? मेलेल्या माणसाच्या दान दिलेल्या देहातील हाडावर शिकतात. ती रीत जुनी आणि चांगली आहे. पण अशी हाडे थोडी मिळतात, आणि एक हाड एकदाच कोरता येते.

डेन्मार्क हा युरोपातला लहान देश. कोपनहेगन ही त्याची राजधानी. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी यावर तोड काढली. त्यांनी एका मृत माणसाचे कानाचे हाड गोठवले. त्याचा एकेक पातळ थर काढला आणि दर वेळी फोटो घेतला. ते सारे फोटो संगणकात एकावर एक रचले. पडद्यावर अख्खे हाड उभे राहिले! हे साधन त्यांनी 2009 साली लोकांपुढे ठेवले, आणि तेही फुकट.

शिकणारा हातात लेखणीसारखी दांडी धरतो. ती एका छोट्या यंत्राला जोडलेली असते. पडद्यावरचे गिरमिट हाडाला टेकले, की यंत्र दांडी मागे रेटते. समोर हाड नाही, तरी हाताला हाड लागते. चुकून नस तुटली, तर कोणाचे तोंड वाकडे होत नाही. पुन्हा सुरुवात केली की हाड कोरेच्या कोरे.

याच साधनावर वैद्यकीच्या नवख्या मुलांना तेच काम 12 वेळा करायला लावले. काहींनी सगळे एकाच दिवसात उरकले. काहींनी मधे दिवस सोडून थोडे थोडे केले. 2015 साली निकाल छापून आला. थोडे थोडे करणाऱ्यांचा हात जास्त चांगला बसला होता. आम्ही जन्मभर मुलांकडून पाढे घोकून घेतले, त्यामुळे आम्हाला नवल वाटले नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री कंदील जाळणारी मुले तेवढी आठवली.

पण टेबलावर निजलेला जिवंत माणूस, त्याचे रक्त, त्याचा श्वास हे यंत्रात नाही. म्हणून यंत्रावर हात बसला की शिकणारा दान मिळालेल्या खऱ्या हाडाकडे जातो. त्यानंतर जाणता डॉक्टर शेजारी उभा राहतो, आणि मगच त्याच्या हाती रोग्याचा कान येतो.