रुळांखालचा पावसाळा

छोटी रेल्वे करायला घेणाऱ्या प्रत्येकाला आधी इंजिन घ्यायचं असतं. साहजिकच आहे. पण घरात ही रेल्वे सांभाळून माझं मत पक्कं झालंय की गाडी इंजिनापायी क्वचितच अडते. ती अडते रुळांखालच्या लाकडामुळे, वायरीमुळे, नाहीतर किड्यामुंग्यांमुळे. या छंदावरची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले. कपाटातल्या चपलांना बुरशी आणणारा पावसाळा त्यांच्या गावीही नसतो, आणि आपल्याकडची खरी गोम तिथेच आहे.

माझा लेआउट ठाण्यात, एका खोलीत. माप एचओ, म्हणजे मूळच्या १/८७. विषय बोरघाटाचा. पाट ऐन जुलैत बांधला. वर कमर्शियल प्लाय, खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट आणि लगोलग रूळ. सुतार म्हणाला होता, "साहेब, लाकूड पाणी प्यायलंय, दिवाळीनंतर करू." गणपतीत पाहुण्यांसमोर गाडी झकास धावली. एप्रिलमध्ये मात्र फलाटासमोरचा सरळ मार्ग वाकडातिकडा झाला. एके ठिकाणी तर रूळ स्लीपरांच्या पकडीतून सुटून बोटभर वर उचलला गेला होता.

उन्हाने रूळ वाढले असं कुणालाही वाटेल. पण हिशोब जुळत नाही. निकेल सिल्व्हरचा दोन मीटर रूळ तापमान २५ अंशांनी चढलं तरी एक मिलिमीटरही वाढत नाही. खालचं लाकूड वाळून आखडलं होतं, आणि घट्ट जोडलेल्या रुळांना जायला जागा उरली नव्हती.

तेव्हा मरीन प्लाय घ्या. दोन्ही बाजूंना प्रायमर मारा आणि कापलेल्या कडा तर अजिबात सोडू नका, ओल तिथूनच जास्त शिरते. पाट त्याच खोलीत मुरू द्या आणि रूळ दिवाळीनंतर लावा. पावसात लावायचेच असतील तर प्रत्येक जोडावर पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. मे महिन्यात लावत असाल तर उलट, जोड भिडवूनच घ्या, कारण पावसात पाट फुगला की फटी आपोआप पडतात.

दुसरं दुखणं विजेचं. लांबच्या टोकाला गाडी मंदावली की लोक इंजिन उघडून बसतात. आधी तिथे मल्टिमीटर लावून बघा. रुळांचे जोड म्हणजे नुसते पत्र्याचे चिमटे. दमट हवेत त्यांच्या आत मळ धरतो आणि वीज पुढे जाईनाशी होते. घरच्या वायरिंगला वापरतात ती दीड एमएमची तांब्याची वायर पाटाखालून फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यापासून वेगळी बारीक वायर द्या. सोल्डरिंगला राळेचाच फ्लक्स वापरा. पत्राकामाचा आम्लाचा फ्लक्स मागे राहिला तर जोड खातो. रूळ सँडपेपरने घासू नका, चरे पडतात आणि त्या चऱ्यांत पुन्हा मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं पुरे. पालीची घाणही त्यानेच निघते, आणि ती रोज सकाळी असतेच.

डोंगरांचं प्रकरण वेगळं. रद्दीचा लगदा आणि गव्हाची खळ स्वस्त पडते, पण तो झुरळांना आणि कसरीला मेजवानीचा बेत आहे. माझ्या बोगद्याच्या आतल्या कडा कुरतडलेल्या सापडल्या, तेव्हा जुने बाइंडर खळीत मोरचूद का घालत ते कळलं. मोरचूद विषारी, मुलाबाळांच्या घरात नकोच. फेविकॉल आणि प्लास्टर ऑफ पॅरिस वापरा, आणि डोंगर सुटा उचलता येईल असा करा. वाळवीची माती वेळीच दिसते आणि घसरलेला डबाही काढता येतो.

आता घाटाचा मोह. बोरघाटाचा चढ ३७ ला १. खऱ्या गाड्यांनाही तिथे कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. एचओमध्ये एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायला साधारण साडेसात सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे याच चढाने पावणेतीन मीटरहून थोडी जास्त लांबी. त्यात वळण आलं की इंजिनाचा जीव आणखी मेटाकुटीला येतो. बोगद्याचं तोंड बांधण्याआधी सगळ्यांत लांब डबा फिरवून पाहा. आयसीएफचा डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटर भरतो, आणि वळणावर त्याचं पोट आत, टोकं बाहेर जातात. मोठा लेआउट किती जागा मागतो हे कागदावर उमगत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. आखणीआधी एकदा पाहून या.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा: प्लाय, वायर, रूळ आणि शेवटी एकच साधं इंजिन. आधी नुसता गोल मांडा आणि त्याला एक पावसाळा, एक उन्हाळा काढू द्या. एवढं सोसून गाडी न अडखळता फिरली, तर खुशाल घाट बांधायला घ्या.