आकडे ऐकू आले असते तर

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांची आकड्यांशी ओळख होते ती डोळ्यांनी. कानांना काम एवढेच, की हिशेब ताडून पाहताना एकाने रकमा मोठ्याने वाचायच्या व दुसऱ्याने खुणा करायच्या. पण आकड्यांचे थेट सूरच केले तर? शस्त्रक्रियागृहात हे रोज घडते. रोग्याच्या रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आवाज करते; प्राणवायू घटला की सूर उतरतो. डॉक्टरांना मान वर करावी लागत नाही.

सुट्टीत बेळगावहून मामांकडे भोपाळला गेलो, तेव्हा हा विषय नुसता गमतीचा राहिला नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात, मिथाइल आयसोसायनेटच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतील दाब साडेदहाच्या सुमारास चौरस इंचाला २ पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. अकराला दाब १०! नव्या पाळीला त्यात वावगे वाटले नाही, कारण २ ते २५ हा नेहमीचाच पल्ला समजला जाई. मध्यरात्रीनंतर तो ३० झाला, आणि पाहता पाहता काटा ५५ वर, तबकडीच्या टोकाला गेला.

मामांच्या पेटीवर मी हे आकडे वाजवून पाहिले. दाब दुप्पट झाला की सूर एक सप्तक वर, असा नियम धरला. २ म्हणजे मंद्र षड्ज, तर ८ म्हणजे तार षड्ज, आणि १० म्हणजे त्याच्याही पुढचा गंधार! ३० पर्यंत पोचण्याआधीच पट्ट्या संपल्या. मामींना मी काही सांगितले नव्हते. त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अरे, एकदम कुठे चढलास?"

माझ्या मते सारे यातच आले. कागदावरचा १० हा आकडा मर्यादेत बसतो. कान मर्यादा पाहत नाही, आधीच्या सुराशी ताडून पाहतो. अर्थात सतत वाजणाऱ्या आवाजाला कानही सरावतात, आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही करणे असावे लागते. त्या रात्री वस्तीला सावध करणारा भोंगा वाजला, पण काही मिनिटांतच बंद केला गेला. समोरच्या जे. पी. नगरातील माणसे जागी झाली ती खोकल्याने व डोळ्यांच्या आगीने.